आवाज येतो, शब्द कळत नाहीत: घोडबंदर रोडवरच्या एका हॉलची स्पीकर-निवड

पार्श्वभूमी

कुटुंब ठाण्याचं, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये मधल्या मजल्यावर राहणारं. घरात पंच्याहत्तरी गाठलेले आजोबा, आजी, ऐरोलीला आयटी कंपनीत जाणारा मुलगा, शाळेत शिकवणारी सून आणि सातवीतली नात. मी ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी ऑडिओ बसवायचं काम करतो. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मुलाने फोनवर मागणी केली ती ५.१.४ ॲटमॉसची (आवाज वरूनही येतो असं भासवणारी डॉल्बीची पद्धत). म्हणजे समोर आणि बाजूला मिळून पाच स्पीकर, एक सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बास वाजवणारा) आणि छतात चार. बजेट दीड लाखापर्यंत. माझ्याकडे येणाऱ्या चौकशा बहुतेक अशाच आकड्यांनी सुरू होतात. मी आधी खोलीचं माप आणि घरात कोण कुठे बसतं हे विचारतो, आणि या घरात तेच विचारणं निर्णायक ठरलं.

हॉल १७ फूट लांब, ११ फूट रुंद. एका टोकाला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, दुसऱ्या टोकाला भिंत नाही, हॉल तसाच डायनिंगमध्ये उघडतो. टीव्ही लांब भिंतीवर, त्यासमोरच्या भिंतीला अगदी चिकटून सोफा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. छताला कडेने पीओपीची पट्टी, तिच्यात दिवे, मधोमध पंखा. इमारत मिवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या. विटांची भिंत जवळजवळ नाहीच. अशा घरात टाळी वाजवली की आवाज क्षणभर भिंतींमध्ये फिरत राहतो, आणि ड्रिल मशीन दहाव्या मजल्यावर चाललं तरी सातव्या मजल्यावर शेजारीच चालल्यासारखं ऐकू येतं. काँक्रीट सलग असल्यामुळे धक्का आणि कंप त्यातून दूरवर जातात.

टीव्ही ५५ इंची, काही वर्षांपूर्वीचा. त्याच्यासोबत दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला साउंडबार आणि वायरलेस सबवूफर. सबवूफर बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात ठेवलेला, कारण तिथे तो कोणाच्या पायात येत नव्हता.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढत होत्या.

पहिली आजोबांची. "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." मालिका असो वा बातम्या, ते रिमोट उचलून आवाज वाढवायचे. वाढवला की पार्श्वसंगीतही वाढायचं, शब्द तिथेच राहायचे. मग नात कानावर हात ठेवायची आणि सून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

दुसरी तक्रार खालच्या मजल्यावरच्या काकूंची. टॉवरमध्ये हॉलखाली हॉलच येतो. काकूंचा नातू दहावीला, रात्री त्यांच्याच हॉलमध्ये अभ्यासाला बसणारा. वरून येणारा धप्प-धप्प त्याला वाक्य पुरं वाचू देत नव्हता. काकू वर येऊन सांगून गेल्या होत्या, नंतर सोसायटीच्या ग्रुपवरही विषय निघाला होता.

मुलाने फोनवरच्या ॲपने आवाज मोजला होता. त्याचं म्हणणं, "रात्री आम्ही बेतानेच लावतो, ॲपवर आकडा अगदी साधा दिसतो. काकूंना इतका त्रास होईलच कसा?" तो खोटं बोलत नव्हता. पण इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे डेसिबल ‘ए’ मापाचे असतात. माणसाचा कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून ए-मापात खालचे सूर कमी धरले जातात. ५० हर्ट्झचा सूर तर तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. फोनचा माइकही खालचे सूर नीट पकडत नाही. त्यामुळे सबवूफर स्लॅब हलवत असतानाही ॲपवरचा आकडा शांत राहू शकतो. ॲप बरोबर होतं आणि काकूही बरोबर होत्या. हे मुलाला पटल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं.

पहिला निर्णय: आधी कान

स्पीकरचं काही ठरवण्याआधी मी आजोबांची श्रवणचाचणी करून घ्यायला सुचवलं. मुलाला ते विषयाबाहेरचं वाटलं, आजोबांना त्याहून जास्त. "मला ऐकू येतं," हे त्यांचं ठाम म्हणणं, आणि ते खरंच होतं. वयाबरोबर कान आधी वरचे सूर गमावतो. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग २,००० हर्ट्झच्या वर, बऱ्याच अंशी ४,००० च्या आसपास आणि पुढे असतो, तो पुसट होतो. अशा माणसाला बोलणं चालू आहे हे कळतं, पण ‘सात’, ‘हात’ आणि ‘पात’ यांत फरक लागत नाही. आजोबांचं वाक्य ऐकून मला हाच संशय आला होता.

चाचणीत दोन्ही कानांत वरच्या सुरांचा ऱ्हास निघाला. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं. आजोबांनी ते तेव्हा नाकारलं. तरीही चाचणीचा उपयोग झाला, कारण आता घरातल्या सगळ्यांना कळलं की आवाजाची पातळी वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. चांगला स्पीकर गेलेलं ऐकू परत आणत नाही. तो शब्दांभोवतीचा गोंधळ कमी करू शकतो. आपण तेवढंच करणार आहोत, हे मी आधीच स्पष्ट सांगितलं.

पर्याय कसे तोलले

छतातले चार स्पीकर सगळ्यात आधी बाद झाले. वरच्या मागच्या जोडीला ऐकणाऱ्याच्या मागे जागा लागते, आणि इथे सोफ्यामागे भिंतच. पीओपी फक्त कडेने, मधे थेट स्लॅब. मिवानच्या स्लॅबमध्ये खाचा पाडून वायर दाबणं मी कोणालाही सुचवणार नाही, वरचं काँक्रीट निघून आतली सळई उघडी पडू शकते. छतावर आवाज आदळवून वरून आल्याचा भास देणारे साउंडबार मिळतात, पण त्यांना सपाट, मोकळं छत लागतं. इथे वाटेत पीओपीची पायरी आणि फिरता पंखा.

दुसरा पर्याय होता अधिक मोठा साउंडबार, मागचे दोन वायरलेस स्पीकर असलेला. सुनेला हा पसंत होता, कारण वायर कमी आणि पसारा कमी. तिचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. घर तीच आवरते. पण त्यातला संवादाचा भाग बारमधल्या छोट्या ड्रायव्हरवर (प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागावर) अवलंबून राहणार होता, आणि पुढे काही बिघडलं तर सगळा संच एकत्रच बदलावा लागतो.

तिसरा, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणि पूर्ण ५.१. चौथा, रिसीव्हर आणि फक्त ३.१: समोर डावा, उजवा, मधला आणि सबवूफर. मागचे दोन नंतर, पण रिसीव्हर सात चॅनेलचा घ्यायचा म्हणजे जागा राहते.

मी चौथ्याच्या बाजूने होतो आणि कारण सरळ होतं. चित्रपटाच्या ५.१ मिश्रणात संवाद जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरमध्ये असतो. ज्या घराची मुख्य तक्रार शब्दांची आहे, त्या घराने पैसा आधी तिथे घालावा. मुलगा थोडा हिरमुसला. त्याने विचारलं, "मग होम थिएटर कसलं?" मी त्याला सबवूफर बंद ठेवून फक्त तीन स्पीकरवर एक प्रसंग ऐकवायचं कबूल केलं, आणि मागच्या स्पीकरच्या वायर आत्ताच टाकून ठेवायचं ठरलं.

वॉटवरही बोलणं झालं. दुकानात त्याला हजार वॉटचे डबे दाखवले होते. बुकशेल्फ, म्हणजे शेल्फवर मावणाऱ्या लहान स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८७ डेसिबल असते, म्हणजे एका वॉटला एका मीटरवर तेवढा आवाज. सोफा पावणेतीन मीटरवर. मोकळ्या जागेचा हिशोब धरला तर तिथे एका वॉटला सुमारे ७८ डेसिबल पोचतात, आणि बंद खोलीत त्याहून थोडे जास्तच. दहा वॉटला ८८. घरात एवढ्या आवाजात कोणी बोलूही शकणार नाही. खरे ५०-६० वॉट देणारा साधा रिसीव्हर या हॉलला भरपूर होतो.

मधला स्पीकर आणि आजोबांची खुर्ची

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निर्णय हा आहे.

आजोबा सोफ्यावर बसत नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना उंच, हाताच्या दांड्यांची खुर्ची लागते, आणि ती डायनिंगच्या टोकाला असते. म्हणजे टीव्हीच्या समोरून पाहिलं तर जवळजवळ ३० अंश बाजूला. आणि नेहमीचा मधला स्पीकर म्हणजे मधे ट्विटर (वरचे सूर वाजवणारा), दोन्ही बाजूंना एकेक वूफर (खालचे आणि मधले सूर वाजवणारा), आडवा डबा. दिसायला छान, टीव्हीखाली बसतो. पण दोन वूफर आडवे शेजारी असले की बाजूला बसणाऱ्यापर्यंत त्यांचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि मधल्या पट्टीत एकमेकांना खोडतात. समोर बसणाऱ्याला उत्तम, बाजूच्याला बोलणं दबकं. म्हणजे ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच सगळ्यात वाईट आवाज मिळाला असता.

त्यावर उपाय दोन. डाव्या-उजव्यासारखाच उभा बुकशेल्फ मधे ठेवणं, हा सर्वांत चांगला. पण टीव्ही युनिटची मोकळी उंची कमी होती आणि टीव्ही वर सरकवला तर आजोबांची मान दुखली असती. म्हणून तीन-मार्गी मधला स्पीकर घेतला, ज्यात ट्विटर आणि मिडरेंज (मधले सूर वाजवणारा) मधोमध एकावर एक असतात आणि वूफर फक्त खालचं काम करतात. तो महाग पडतो. पैसे डाव्या-उजव्या जोडीतून काढले. मुलाला मोठे टॉवर स्पीकर हवे होते, ते लहान बुकशेल्फवर आले.

दुकानात ऐकायला जाताना आजोबांना सोबत न्यायचा आग्रह मी धरला. विक्रेते स्फोट, पाठलाग, हेलिकॉप्टर असं काहीतरी लावतात. आम्ही मराठी बातम्या लावायला सांगितल्या, संगीताशिवाय. आजोबांच्या आवडीचं नाटक मुद्दाम टाळलं, कारण जे पाठ आहे ते मेंदू स्वतःच भरून काढतो. प्रत्येक स्पीकरवर आवाजाची पातळी सारखी करून घेतली, नाहीतर जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. आजोबांना मुद्दाम बाजूला बसवलं आणि ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. ते थोडे संकोचले, मग त्यात रमले. आडव्या दोन-वूफरच्या स्पीकरवर बाजूला बसल्यावर त्यांची वाक्यं अडखळत होती, तीन-मार्गीवर कमी. मुलाने ते स्वतः पाहिलं आणि टॉवर स्पीकरचा विषय तिथेच संपला.

आणखी एक बारीक गोष्ट. वूफरच्या कडेची लवचीक रिंग फोमची नको, रबराची हवी, असं मी इकडच्या सगळ्यांनाच सांगतो. आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत चुरा होतो.

सगळं मिळून खर्च साधारण सव्वा लाखाच्या आत राहिला. त्यात सगळ्यात महाग एकटी वस्तू रिसीव्हर, त्यानंतर मधला स्पीकर.

बसवणं

वायर केसिंग पट्टीतून, स्कर्टिंगच्या वरून. भिंत फोडायची नव्हतीच. सर्वांत लांब वायर आठ मीटरची, त्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, तिचा जाऊन-येऊन रोध ओहमच्या पाव भागाहून कमी भरतो. बाजारात ‘स्पीकर वायर’ म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही सर्रास विकतात. ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी दिसते.

मधला स्पीकर युनिटच्या खणात आत ढकलला नाही. त्याचा चेहरा खणाच्या कडेशी आणला आणि खाली रबरी पाचर देऊन तो कानांच्या दिशेने वर कलवला. सोफा भिंतीपासून पुढे आणायची मला फार इच्छा होती. भिंतीला डोकं टेकलं की खोलीच्या रुंदीत घुमणारे सूर तिथे सर्वांत जोरात ऐकू येतात. ११ फुटांच्या रुंदीत पहिला घुमणारा सूर ५१ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याचा दुप्पट १०२ च्या. हा दुसरा थेट पुरुषी आवाजाच्या मूळ पट्टीत. बातम्या देणारा माणूस पिंपात बसून बोलतोय असं का वाटायचं, त्याचं हे एक कारण होतं. सुनेला येण्याजाण्याची वाट अरुंद व्हायला नको होती. चर्चेअंती नऊ इंच मिळाले. त्याने घुमणं थोडंच कमी झालं. बाकीचं काम रिसीव्हर माइकने मोजून जी दुरुस्ती करतो तिच्यावर सोपवलं. सोफ्यामागे दोन इंच जाडीचं कापड चढवलेलं रॉकवूलचं पॅनल, टीव्ही आणि सोफ्यामध्ये जाड गालिचा, काचेच्या दाराला वजनदार पडदा. पडदा आणि गालिच्याने बास कमी होत नाही हे मी स्पष्ट केलं, पण टाळीचा घुमारा गेला आणि शब्दांची टोकं मोकळी झाली. गालिचा आला त्या दिवशी, स्पीकर जोडायच्या आधीच, आजी म्हणाल्या की घरात बोलणं शांत वाटायला लागलंय.

रिसीव्हरच्या माइकने मोजणी करताना पंखा आणि एसी बंद ठेवले, माइक हातात न धरता स्टँडवर कानाच्या उंचीला लावला. पहिलं माप सोफ्याच्या मधोमध घ्यायची पद्धत आहे. आम्ही ते आजोबांच्या खुर्चीवर घेतलं, कारण बहुतेक रिसीव्हर पहिल्या जागेवरून अंतर आणि पातळी ठरवतात. रिसीव्हरने डाव्या-उजव्या स्पीकरना ‘लार्ज’ ठरवलं, ते हाताने ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळवलं. मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली.

सबवूफरची जागा

यासाठी आम्ही काकूंच्या घरी गेलो. मुलाला अवघड वाटत होतं, पण काकूंनीच चहा ठेवला आणि वातावरण निवळलं. मी खाली थांबलो, मुलगा वर जाऊन फोनवरून एकेक सूर लावत सांगत होता: आता ४०, आता ५०, आता ६३. जुना सबवूफर कोपऱ्यातच होता. ५० च्या आसपास काकूंच्या शोकेसची काच थरथरली. त्या म्हणाल्या, "हाच. रोज रात्री हाच."

कोपरा लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांचे घुमणारे सूर एकदम जागे करतो. सेलमधल्या छोट्या सबवूफरला त्यामुळे फुकटचा जोर मिळतो, आणि तोच खाली जातो. नवा सबवूफर मुद्दाम बंद पेटीचा, दहा इंची घेतला. तो सोफ्याच्या बाल्कनीकडच्या टोकाला, मुलाच्या बसायच्या जागेच्या अगदी बाजूला ठेवला. ऐकणारा जवळ असला की तोच परिणाम कमी आवाजात मिळतो आणि इमारतीकडे कमी ऊर्जा जाते. आजोबांच्या बाजूला तो मुद्दाम ठेवला नाही, कारण खालचे सूर वरच्या सुरांना झाकतात आणि त्यांच्या कानांकडे आधीच वरचं कमी पोचतं. पावसाळ्यात बाल्कनीतून पाणी उडतं, म्हणून दारापासून दोन फूट अंतर.

खाली जाड रबराची गादी घातली. ती पेटीचा कंप स्लॅबपर्यंत कमी पोचू देते, तेवढंच तिचं काम. हवेतून जाणारा बास ती अडवत नाही. नंतर काकूंकडे पुन्हा तेच सूर लावून पाहिले, काच हलली नाही. काकूंच्या कानाला ५० हर्ट्झ जेमतेम जाणवला, तेव्हा आम्ही ती पातळी दिवसाची कमाल म्हणून रिसीव्हरवर ठेवली. रात्री दहानंतरची पातळी आणखी खाली.

मालिकेचा आवाज मधे आणणं

सगळं जोडून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी मालिका लावली आणि मधला स्पीकर गप्प. मुलगा घाबरला. कारण साधं होतं. त्यांच्या सेट-टॉप बॉक्सवर मालिका स्टिरिओत येतात. रिसीव्हर ‘स्टिरिओ’वर असला तर तो दोनच स्पीकर वाजवतो. त्याला ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘न्यूरल:एक्स’ या पद्धतीवर ठेवलं की डाव्या-उजव्यात सारखं असलेलं, म्हणजे मुख्यतः बोलणं, तो काढून मधल्या स्पीकरला देतो. ज्या घरात मालिका आणि बातम्या हाच मुख्य खुराक, तिथे हे एक बटण अख्ख्या खर्चाचा अर्थ ठरवतं.

मग रिमोटवरची झटपट बटणं ठरवली. एक ‘मालिका’: डॉल्बी सराउंड, सबवूफर कमी, मोठ्या-लहान आवाजातला फरक आवळलेला. एक ‘सिनेमा’. एक ‘रात्र’. बटणांवर नातीने मोठ्या अक्षरांत चिकटपट्ट्या लावल्या. टीव्ही चालू केला की रिसीव्हर आपोआप चालू होईल अशी एचडीएमआयची सोय केली, आजोबांना एकच रिमोट पुरावा म्हणून. टीव्हीला ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरने रिसीव्हरकडे पाठवायची सोय) आहे, तिची नवी आवृत्ती ‘ईएआरसी’ नाही. मुलाला त्यासाठी टीव्ही बदलावासा वाटत होता. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो. ईएआरसीची गरज मुख्यतः ब्लू-रेच्या ध्वनीला पडते, आणि ब्लू-रे प्लेअर या घरात नाही. टीव्ही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सबवूफरमधून बारीक गुणगुण सुरू झाली. इमारतीच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची पिन काढायचा सल्ला दिला होता. हे कधीही करू नये, त्या पिनवर माणसाचा जीव अवलंबून असतो. मी केबल टीव्हीची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढायला सांगितली, गुणगुण थांबली. केबलची आणि घराची अर्थिंग वेगळ्या ठिकाणी असली की असं होतं. केबलवर या दोन अर्थिंग वेगळ्या ठेवणारा छोटा आयसोलेटर लावला.

परिणाम

पुढच्या काही महिन्यांत टीव्हीचा आवाज घरात खाली आला, हे सुनेने आपणहून सांगितलं. बातम्या आणि स्टुडिओत चित्रित झालेल्या मालिका आजोबांना नीट कळू लागल्या. चित्रपटांत, जिथे संवादाखाली सतत संगीत असतं, तिथे अजूनही शब्द निसटतात. त्यासाठी सबटायटल लावतात. काकूंची तक्रार आली नाही. नातवाच्या परीक्षेच्या काळात मुलाने सबवूफर पूर्ण बंदच ठेवला, ते मी सांगितलं नव्हतं.

मला अनपेक्षित होती ती श्रवणयंत्राची गोष्ट. बातम्या कळू लागल्यावर आजोबांना उरलेलं काय निसटतंय ते स्वतःला जाणवायला लागलं. आधी सगळंच धूसर होतं, त्यामुळे ते दोष टीव्हीला देत. त्यांनी यंत्र घ्यायचं मान्य केलं. ते लावल्यावर ‘मालिका’ बटणातली मधल्या स्पीकरची जादा पातळी आम्ही कमी केली, कारण ती त्यांना टोचू लागली होती.

वेगळं काय करता आलं असतं

घराचं इंटिरियर दोन वर्षांआधी झालं होतं. तेव्हा पीओपी आणि टीव्ही पॅनलच्या मागून रिकामा पाइप टाकला असता तर केसिंग पट्टी दिसली नसती, आणि टीव्हीखाली १५ इंच मोकळी उंची ठेवली असती तर मधे उभा बुकशेल्फ बसला असता, कमी पैशात अधिक चांगला. इंटिरियरचा आराखडा ठरताना खरं तर एवढ्या दोनच गोष्टी सांगायच्या असतात.

श्रवणचाचणी साउंडबार घेण्याआधी झाली असती तर तो खर्च वाचला असता, आणि काकूंशी बिघडलेलं बोलणंही कदाचित बिघडलं नसतं. साउंडबार आता नातीच्या खोलीत आहे, सबवूफरशिवाय.

खोलीची मांडणी टीव्ही लांब भिंतीऐवजी डायनिंगकडे आणून फिरवता येईल का, यावर आम्ही थोडा विचार केला होता. ध्वनीच्या दृष्टीने ते चांगलं झालं असतं, सोफ्यामागे मोकळी जागा मिळाली असती. पण दुपारी बाल्कनीचा उजेड थेट टीव्हीच्या पडद्यावर आला असता आणि आजींचं देवघराकडे जाणं-येणं मधून पडलं असतं. मी पुन्हा विचारलं असतं तरी उत्तर बहुधा हेच आलं असतं.

मागच्या दोन स्पीकरच्या वायर पट्टीत तयार आहेत. मुलाला ते येत्या दिवाळीत हवेत. सोफ्यामागच्या भिंतीवर, बसलेल्याच्या कानापेक्षा दीड-दोन फूट वर, एकमेकांपासून जितके लांब जमतील तितके लावायचे आहेत. मात्र उजवा स्पीकर आजोबांच्या खुर्चीच्या डोक्यावर येतो, आणि श्रवणयंत्र लावून त्यांना ते सोसेल का, हे भिंतीला भोक पाडण्याआधी एखादा स्पीकर काही संध्याकाळी तिथे स्टँडवर ठेवून पाहणार आहोत.